शेवटच्या डब्याचा दिवा

यज्ञेश्वर पांढरीपांडे एकटेच हॉलंडला नातवंडं सांभाळायला चालले आहेत, ही बातमी चौबे कॉलनीत दूधवाल्याने आणली. रायपूर राजधानी होऊन सतरा-अठरा वर्षं झाली होती, मंत्रालयही नव्या शहरात गेलं होतं, पण कॉलनीचं माहिती खातं अजून दूधवाल्याकडेच होतं. लोकांनी दूध घेतलं, बातमी घेतली नाही. ज्या माणसाला स्वतःची एक पोरगी धड सांभाळता आली नाही, त्याच्या हाती दोन पोरं कोण देईल?

पण बातमी खरी होती.

पांढरीपांडे म्हणजे रेल्वेतले निवृत्त गार्ड, तेही मालगाडीचे. मालगाडीचा गार्ड गाडीच्या अगदी शेपटाला, ब्रेकव्हॅनमध्ये एकटाच बसतो. पुढे पन्नास-साठ डबे, त्याच्यापुढे इंजिन, आणि इंजिनातल्या माणसाशी बोलायचं तर झेंडीने किंवा शिट्टीने. छत्तीस वर्षं अशी काढल्यावर माणसाला जवळून बोलायची सवय राहत नाही. घरातही ते गोदावरीबाईंच्या दहा पावलं मागून चालत. बाजारात बाई पुढे, हे मागे. भाजीवाल्याला वाटायचं, बाईंच्या मागे कोणी लागलंय.

आणि एक डोंगरगड होतं.

यामिनी सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. चैत्रातल्या नवरात्रात बम्लेश्वरीच्या दर्शनाला पांढरीपांडे लेकीला आणि शेजारच्या चार जणांना घेऊन गेले होते. परतताना फलाटावर ही गर्दी. गाडी लागली तसे त्यांनी शिस्तीत डाग मोजले. तीन पिशव्या, दोन टोपल्या, पाण्याची सुरई, प्रसादाचं गाठोडं, छत्री आणि शेजारच्या शांताबाईंचं गुंडाळलेलं अंथरूण. नऊच्या नऊ. समाधानाने त्यांनी खिडकीतून हात हलवला. गाडी सुटली. राजनांदगाव आलं तेव्हा शांताबाईंनी विचारलं, "अन् पोट्टी कुठी आहे हो?"

पोट्टी उसाच्या रसाच्या ठेल्यापाशी होती. बाप दिसेना म्हणून ती गाडी गेली त्या दिशेने, रुळांच्या कडेने, रायपूरकडे पायी निघाली होती. एका पॉइंट्समनने तिला पकडून आणलं आणि स्टेशन मास्तरांच्या खुर्चीवर बसवलं. बाप अडीच तासांनी पोचला, तेव्हा ती मास्तरांचा डबा खात होती आणि बापाकडे बघत नव्हती. त्या दिवसापासून पांढरीपांड्यांच्या घरात कुठलंही भांडण कुठूनही सुरू झालं, तरी त्याचं शेवटचं स्टेशन डोंगरगड.

तीच यामिनी आता आइंडहोवन नावाच्या गावात, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासत होती. तिकडे वसंतात शाळांना दोन आठवडे सुट्टी असते आणि आईबापांना नसते. म्हणून दर वर्षी गोदावरीबाई जात. या वर्षी दोघांची तिकिटं काढली होती, आणि निघायच्या आठ दिवस आधी बाई मोरीत घसरल्या. पाय प्लास्टरात. जावई पराग, तो मोठ्या यंत्रांचा इंजिनिअर, त्याला कंपनीने नेमकं त्याच महिन्यात तैवानला पाठवलेलं.

"तुम्ही जा," गोदावरीबाई पलंगावरून म्हणाल्या. "माझी बहीण लता येऊन राहिली वर्ध्याहून. ती पाहील माझ्याकडे."

"अन् तुले असं सोडून मी..."

"इथं राहून तुम्ही काय करून राहिले बाप्पा? प्लास्टर मले आहे, अन् चहा तुमाले पलंगावर पाहिजे."

फोनवर यामिनीने आधी आईच्या पायाचं विचारलं. मग म्हणाली, "आई, बाबांच्यानं होईल?"

"नाही होत," गोदावरीबाई म्हणाल्या. "पण दुसरं कोण आहे?"

एवढी शिफारस घेऊन यज्ञेश्वर विमानात बसले. रायपूरला त्रेचाळीस डिग्री होती, तिकडे उतरले तर अकरा. त्यांनी पिशवीतून तपकिरी कानटोपी काढली आणि घातली. ती परत येईपर्यंत काढली नाही. यामिनी विमानतळावरच म्हणाली, "बाबा, एप्रिल आहे. लोक बघतायत."

"पाहू दे. कान माझे आहेत."

पहिल्या सकाळी यामिनी कामाला निघाली तर वडील दारात कागद घेऊन उभे.

"हे काय?"

"चार्ज. सही कर."

कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'मुलगा एक, चिराग, वय सात, चालू हालतीत. मुलगी एक, सोनिया ऊर्फ बिट्टी, वय चार, चालू हालतीत. डाव्या गुडघ्याला खरचटलेलं आहे, ते जुनं.'

"बाबा, माझी पोरं आहेत ती. कोळशाची मालगाडी नाही."

"मी बी तेच म्हणून राहिलो. कोळशाले सही लागते, अन् पोरांना नाही?"

यामिनीने कागद परत दिला. "सही नाही करत मी. तुम्हाला माहीत आहे काहून." बुटाची नाडी बांधता बांधता तिने बाकीचं सांगितलं. "दहा दिवस आहेत. काही गडबड झाली तर मी बिनपगारी सुट्टी घेऊन घरी बसेन. आणि डिसेंबरात पोरांना महिनाभर रायपूरला तुमच्याकडे ठेवायचं म्हटलं होतं, ते विसरून जायचं."

डिसेंबरचं मात्र यज्ञेश्वरांना लागलं. गोदावरीबाईंनी त्या महिन्यासाठी वरच्या खोलीला रंगसुद्धा देऊन ठेवला होता. दोन पलंगही सांगितले होते. ते कॉलनीला माहीत होतं, दूधवाल्याला माहीत होतं.

कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. सहीची जागा कोरी.

स्वयंपाकाचं सोपं निघालं. यामिनी कुकर लावून जायची, तीन शिट्ट्यांवर बंद करायचा. शिट्ट्या ऐकण्यात हयात गेलेल्या माणसाला त्यात काय अवघड. अवघड होतं ते पोरांना बागेत नेणं. दोन पोरं दोन दिशांना पळतात आणि मधून सायकली सुसाट. त्या गावात माणसांपेक्षा सायकली जास्त. हात धरून न्यावं, हे कोणालाही सुचलं असतं. पण यज्ञेश्वर गार्ड होते. गार्ड गाडीचा हात धरत नाही. गार्ड मागे राहतो आणि गाडी पुरी आहे की नाही ते पाहतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जावयाच्या सायकलचा मागचा लाल दिवा काढला, तो लुकलुकणारा, आणि बिट्टीच्या जॅकेटला पाठीमागे अडकवला.

"ये क्या है, आबा?" चिरागने विचारलं. पोरांना मराठी कळायची सगळी, पण उत्तर हिंदीतून यायचं.

"टेल लँप. मालगाडीच्या शेवटच्या डब्याले हा राहते. स्टेशनावरचा माणूस हाच पाहते. लाल दिवा दिसला, म्हणजे गाडी पुरी आली. नाही दिसला, म्हणजे मागचे डबे कुठी तरी तुटून राहिले. मग लाइन बंद."

"मैं क्या हूँ?"

"तू इंजिन. लाल सिग्नल तोडायचा नाही."

"और मैं लास्ट डब्बा?" बिट्टीने विचारलं. तिला वाईट वाटेल, असं यज्ञेश्वरांना वाटलं. तिला ते भयंकर आवडलं. ती रात्रीसुद्धा दिवा काढू देईना.

"अन् हे ध्यानात ठेवा दोघंही," यज्ञेश्वर म्हणाले. "गाडी तुटली, तर तुटलेला डबा शोधायला नाही निघत. जिथं आहे तिथंच बसते. ब्रेक लावून. कोणी ढकललं तरी हलत नाही. गार्ड येते, शिट्टी वाजवते, मग ब्रेक सुटते. समजलं?"

"हव," बिट्टी म्हणाली. एवढा एक शब्द तिने आजीकडून पक्का उचलला होता. मग तिने जमिनीवर बसकण मारली, दोन्ही तळवे फरशीवर दाबले आणि डोळे मिटले. "ब्रेक!"

आठवडाभर गाडी वेळेवर धावली. पुढे चिराग तोंडाने भोंगा वाजवत, मागे बिट्टी दिवा लुकलुकवत, आणि दहा पावलं मागे कानटोपी घातलेले गृहस्थ, गळ्यात शिट्टी. लोक थांबून बघत. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई खिडकीतून हात हलवायला लागल्या. यज्ञेश्वर त्यांना हिरव्या रुमालाने उत्तर देत. संध्याकाळी यामिनी आली की ते वहीत लिहिलेलं वाचून दाखवत. 'दहा पाच सुटली. दहा वीस बाग. घसरगुंडीवर गर्दी, तीन मिनिटं थांबा. साडेअकरा घर. गाडी पुरी.' यामिनी ऐकत ऐकत भाजी चिरायची. एकदा ती हसली. पण सहीचा विषय तिने काढला नाही, आणि यांनीही नाही.

मग सत्तावीस एप्रिल आला.

त्या दिवशी तिथल्या राजाचा वाढदिवस. सगळ्या देशाला सुट्टी, दवाखाना सोडून. सकाळी यज्ञेश्वरांनी खिडकी उघडली तर रस्त्यावर नखशिखान्त भगवे लोक. भगवे शर्ट, भगव्या टोप्या, कुत्र्यालाही भगवी पट्टी.

"रामनवमी तर होऊन गेली न?" त्यांनी विचारलं.

"बाबा, राजाचा रंग आहे तो. नारिंगी." यामिनीने पोरांना तसलीच जॅकेटं घातली. "रस्त्यावर पोरं जुनी खेळणी विकायला बसतात, ते दाखवून आणा. फक्त आपल्या गल्लीपर्यंत. चौकात नाही जायचं, तिथे गर्दी असते."

"हव."

गल्लीत सतरंज्याच सतरंज्या. त्यांवर पोरं आणि त्यांची खेळणी. एक जण कान नसलेला ससा विकत होता, एक बासरी वाजवत होता आणि ती थांबवण्याचे पैसे घेत होता. यज्ञेश्वरांना हे रायपूरच्या आठवडी बाजारापेक्षा बरं वाटलं. कोणी ओढत नव्हतं. गाडी हळूहळू चालली. पुढे इंजिन, मग नारिंगी जॅकेटवर लाल दिवा, मग गर्दी, मग गार्ड. एका सतरंजीपाशी गाडी थांबली. यज्ञेश्वरही थांबले, दहा पावलं मागे, आणि वहीत वेळ टिपायला लागले. मान वर केली तर दिवा चालू लागला होता. तेही चालू लागले.

दिवा गल्लीच्या टोकाला गेला. दिवा डावीकडे वळला. इंजिन दिसत नव्हतं, पण मालगाडीच्या गार्डाला इंजिन कधीच दिसत नाही, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. दिवा चौकात शिरला. यामिनीने चौकात नको म्हटलं होतं, म्हणून त्यांनी शिट्टी वाजवली. दिवा थांबला नाही. ढोल वाजत होते, कढईत काहीतरी तळत होतं, आणि सगळं गाव नारिंगी. यज्ञेश्वर एका दिव्याकडे बघत चालले होते. दिवा दिसत होता. गाडी पुरी होती.

मागून कोणीतरी त्यांचा कोट ओढला. चिराग. धापा टाकत होता.

"आबा! कहाँ जा रहे हो? वो बिट्टी नहीं है!"

यज्ञेश्वर दहा पावलं पुढे धावले. दिवा लावलेल्या पोरीने वळून पाहिलं. सोनेरी केस, नाकावर तांबूस ठिपके, तिच्या शेजारी तिचा उंचच उंच बाप. पोर यांच्याकडे बघून हसली आणि पाठ वळवून दिवा दाखवायला लागली. नवा होता ना तिला.

छत्तीस वर्षांत पांढरीपांड्यांच्या मागे चार चौकशा लागल्या होत्या. त्यांपैकी एकीतही डबा हरवलेला नव्हता. आज हरवला होता. त्यांच्या डोळ्यांसमोर एकदम उसाच्या रसाचा ठेला आला, आणि रुळांच्या कडेने निघालेला एक फ्रॉक.

"तू मले कसा सापडला?" त्यांनी चिरागला विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"आपकी टोपी से. पूरे शहर में एक ही है ब्राउन."

पुढचं त्यांना आठवतं ते तुकड्यातुकड्यांनी. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणाचा तरी हात घट्ट धरला होता; चिराग म्हणत होता, "आबा, दुख रहा है." गर्दी उलटी वाहत होती. चौक, वळण, गल्लीचं टोक. कान नसलेला ससा. बासरीवाला. आणि त्याच्या पुढच्या सतरंजीभोवती दहाबारा माणसं गोल उभी.

गोलाच्या मध्ये बिट्टी होती. जमिनीवर फतकल मारून, दोन्ही तळवे दगडांवर दाबून, डोळे घट्ट मिटून. काखेत एक प्लॅस्टिकचा घोडा. घोड्याच्या बदल्यात तिने दिवा दिला होता. सौदा चोख झाला होता. एक पोलीस बाई गुडघ्यांवर बसून गोड आवाजात काही विचारत होती. एक आजीबाई बिस्किट पुढे करत होत्या. कोणीतरी तिला उचलायला वाकलं, तशी ती डोळे न उघडता गल्ली दणाणेल एवढ्या आवाजात ओरडली,

"ब्रेक लगा है!"

माणूस मागे सरला.

यज्ञेश्वरांनी शिट्टी तोंडात धरली. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा वाजली.

बिट्टीने डोळे उघडले, हात झटकले आणि उठली. "आबा, लेट," ती म्हणाली.

पोलीस बाईने यांच्याकडे पाहिलं, कानटोपीकडे पाहिलं, चिरागशी त्यांच्या भाषेत चारदोन वाक्यं बोलली, आणि जाताना यज्ञेश्वरांच्या खांद्यावर थोपटलं.

घरी येताना कोणी भोंगा वाजवला नाही. दारापाशी चिराग म्हणाला, "आबा, मम्मी को मत बताना. मैं भी नहीं बोलूँगा. प्रॉमिस." बिट्टीला सांगायचं काही कारणच नव्हतं, तिच्या हिशेबी सगळं नियमाप्रमाणे झालं होतं.

यज्ञेश्वर स्वयंपाकघरात वही उघडून बसले. डिसेंबर. वरची खोली. दोन पलंग. न लिहिलं तर कोणाला कळणार? त्यांना नरहर आठवला, उरकुऱ्याच्या रेल्वे यार्डातला गार्ड. बारा वर्षांमागे त्याची गाडी तुटली तेव्हा त्याने ते वहीत लिहिलंच नव्हतं, आणि चौकशीत म्हणाला होता, 'डबे सापडले ना साहेब, मग काय लिहायचं?' यज्ञेश्वर तेव्हापासून त्याच्याशी बोलले नाहीत. डोंगरगडाला वही नव्हती. असती तर तिथे काय लिहिलं असतं, हे त्यांनी इतकी वर्षं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

यामिनी संध्याकाळी आली. भाजी चिरायला बसली. यज्ञेश्वर उभ्याने वाचायला लागले.

"दहा पाच सुटली. दहा चाळीस गाडी तुटली."

सुरी थांबली.

"मागचा डबा जागेवर राहिला. गार्डाने दुसऱ्याच दिव्यामागे गाडी नेली, चौकात. चूक गार्डाची. दिवा पाहिला, डबा नाही पाहिला. अकरा दोन डबा सापडला, सुखरूप. इंजिनाने प्रसंगावधान दाखवलं. अकरा वीस घर." त्यांनी वही मिटली. "बावीस मिनिटं, यामू. लिहून दिलं."

यामिनीने अर्धा चिरलेला कांदा बाजूला ठेवला. मग तिने बिट्टीला हाक मारली. "तू रडलीस?"

"नहीं. मैं डब्बा थी," बिट्टी म्हणाली, आणि काय केलं ते दाखवायला तिथेच बसली. तळवे फरशीवर, डोळे बंद. "आबा ने बोला था, ढूँढने नहीं जाना. बैठना. आबा आते हैं."

यामिनीने पोरीकडे पाहिलं, मग बापाकडे. "मला का नव्हतं सांगितलं हे?" ती म्हणाली. "मी दीड किलोमीटर चालले होते रुळांनी."

यज्ञेश्वरांनी वही टेबलावर ठेवली. मग त्यांनी एक शब्द काढला, जो त्या घरात त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकला नव्हता. "चुकलं."

"कुठलं? आजचं?"

"डोंगरगडचं. आजचं तर लिहून दिलं न."

यामिनीने हात पुसले. "तो कागद कुठे आहे तुमचा?"

खिशातच होता. घड्यांवर मऊ झालेला. तिने सही केली, तारीख टाकली आणि खाली 'शेरा' असं लिहून एक ओळ लिहिली. रेल्वेवाल्याची पोरगी, शेरा कुठे लिहायचा तिला माहीत होतं. मग कागद परत दिला आणि कांद्यावर खापर फोडून नाक पुसलं.

उरलेले दिवस गाडीला ब्रेकव्हॅन नव्हती, गार्ड पोरांच्या मधोमध चालायचा. दिवा जावयाच्या सायकलला परत लागला नाही, कारण तो सोनेरी केसांच्या पोरीकडे होता. पराग तैवानहून आल्यापासून त्याबद्दल विचारतो आहे. डिसेंबरात पोरं रायपूरला आली, दोन्ही पलंगांवर न झोपता आजीच्या अंगावर झोपली, आणि घोड्यासकट परत गेली.

पण कॉलनीला खरं नवल वाटलं ते त्याच्या आधीच, मे महिन्यात. गोदावरीबाईंचं प्लास्टर निघालं होतं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. ऊन कललं की दोघं शेजारच्या समता कॉलनीच्या रस्त्याने फिरायला निघायचे, आणि यज्ञेश्वर दहा पावलं मागे नसायचे. ते शेजारी असायचे. भररस्त्यात बायकोचा हात धरून. पाणीपुरीच्या ठेल्यापाशी बाया खुसफुसायच्या, श्यामराव किराणावाले वजन करता करता काटा सोडून बघायचे, आणि समोरच्या गच्चीवरून ज्यांना बघायचं ते बघतच होते.

"अहो, सोडा न हात," गोदावरीबाई दातांतल्या दातांत म्हणायच्या. "लोक पाहून राहिले."

"पाहू दे." यज्ञेश्वर हात न सोडता दुसऱ्या हाताने खिशातला मऊ कागद काढायचे आणि चष्म्याशिवाय वाचून दाखवायचे. "'शेरा: दिवा बंद. यापुढे हात धरून चालणे.' सही आहे खाली. मी काय करू?"